बॅटरीवरचं विमान: किती लांब जाल आणि कोणाकोणाला दिसाल

छोटं इलेक्ट्रिक विमान घ्यायचं ठरवणाऱ्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एका चार्जवर पल्ला किती? आणि माझं येणं-जाणं इतरांना दिसणार का? पहिला प्रश्न तो विक्रेत्याला विचारतो, दुसरा वकिलाला. दोघांची उत्तरं तो दोन वेगळ्या वह्यांत लिहून ठेवतो. माझं म्हणणं आहे की हा हिशेब एकाच वहीत मांडायला हवा. हजार किलोमीटर जाणारं पेट्रोलचं विमान आज इथे, उद्या तिथे दिसतं. पन्नास किलोमीटरवर थकणारं विमान मात्र पुन्हा पुन्हा त्याच जागी परत येतं, तिथेच तासभर उभं राहतं आणि पुन्हा तेवढ्याच टापूत फिरतं. ज्याचा पल्ला तोकडा, त्याचं घर शोधायला सोपं. शिवाय लपण्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट थोडी मिनिटं खाते, आणि मिनिटं तर बॅटरीवाल्याकडे आधीच मोजकी.

म्हणून आधी पल्ला, मग खासगीपणा, याच क्रमाने जाऊ.

१. माहितीपत्रकातला आकडा बाजूला ठेवा, युनिट मोजा

विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. विमानाचा सगळा हिशेब याच युनिटांत मांडला की डोक्यात पटकन बसतो.

उदाहरणासाठी पिपिस्ट्रेल कंपनीचं वेलिस इलेक्ट्रो घेऊ. स्लोव्हेनियात बनणाऱ्या या दोन आसनी विमानाला जून २०२० मध्ये युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेचं, म्हणजे इयासाचं, प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळालेलं हे जगातलं पहिलं पूर्ण विजेवरचं विमान. बॅटऱ्या दोन, एक नाकाकडे आणि एक पाठीमागे. दोन्ही मिळून २४.८ युनिट साठा आणि साधारण १४० किलो वजन. विमानाचं कमाल वजन ६०० किलो. म्हणजे जवळपास पाव हिस्सा वजन नुसत्या बॅटरीचं, आणि ते उतरतानाही तेवढंच राहतं. पेट्रोलचं विमान जळत्या इंधनाबरोबर हलकं होत जातं. बॅटरीच्या विमानाला ती सवलत नाही.

एक किलो विमानाच्या पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली पाऊण वाया घालवतं असं धरलं तरी पंख्यापर्यंत तीनेक युनिट पोहोचतात. वरच्या बॅटरीत किलोमागे ०.१८ युनिटच्या आत-बाहेर ऊर्जा आहे. मोटर फार काटकसरी असते, पण तिची सगळी काटकसर धरूनही एक किलो पेट्रोलचं काम करायला वीसेक किलो बॅटरी लागते. पल्ला तोकडा असण्याचं खरं कारण हे आहे. त्याला विमान बनवणाऱ्याचा आळस कारणीभूत नाही.

आता माहितीपत्रकाकडे वळू. तिथे क्रूझचा, म्हणजे चढून झाल्यावर एका उंचीवर सरळ उडण्याचा, वेग ९० नॉट, म्हणजे ताशी १६७ किलोमीटरच्या आसपास, आणि उड्डाणाचा वेळ ५० मिनिटांपर्यंत, वर राखीव वेगळं, असं दिसतं. वाचणारा दोन्ही आकड्यांचा गुणाकार करतो आणि १४० किलोमीटर धरून मोकळा होतो. पण त्या वेगाला साधारण ३५ किलोवॅट लागतात. २४.८ युनिटना ३५ ने भागा. बॅटरी पार कोरडी होईपर्यंतसुद्धा ४२ मिनिटंच मिळतात. म्हणजे ५० मिनिटं हा आकडा सावकाश उडण्याचा, धावपट्टीभोवती फेऱ्या मारत शिकवण्याचा आहे. ९० नॉट हा वेगळ्या उड्डाणाचा आकडा. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात, एकत्र मात्र खरे नसतात. कोणतंही इलेक्ट्रिक विमान पाहायला गेलात तरी हा भागाकार तिथेच, विक्रेत्यासमोर करा.

२. आधी न मोडायचं वेगळं काढा, मग प्रवास मोजा

पगार हातात आला की आधी घरभाडं आणि हप्ता बाजूला ठेवतो आणि उरलेल्यात महिना काढतो. इथेही तसंच. एक कागद घ्या आणि माझ्याबरोबर मांडत चला.

हिशेब सोपा जावा म्हणून पूर्ण साठा २४ युनिट धरू. बॅटरी थोडी वापरलेली आहे आणि तिचं आरोग्य ९० टक्के दाखवतंय. म्हणजे हातात २१.६. जमिनीवर चालणं आणि ६०० मीटरपर्यंत चढणं यात साधारण ३ युनिट जातात, कारण तीन मिनिटं मोटर जवळजवळ पूर्ण जोरावर असते. उरले १८.६. उतरताना धावपट्टीवर अचानक काही आडवं आलं, तर पुन्हा उठून एक फेरी मारून उतरण्यासाठी, म्हणजे गो-अराउंडसाठी, २.५ युनिट. उरले १६.१. आता कायद्याचं राखीव. दिवसा, नजरेच्या भरवशावर उडताना ३० मिनिटांचं. सावकाश घिरट्या घालायला २० किलोवॅट पुरतात असं धरलं तर त्याचेच १० युनिट होतात.

उरले ६.१ युनिट. ३० किलोवॅटवर जेमतेम १२ मिनिटांचं क्रूझ. ताशी १५० किलोमीटरने ३० किलोमीटर. चढताना कापलेले सातेक आणि उतरताना घसरत मिळालेले तेवढेच धरा. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचा प्रामाणिक पल्ला ४५ किलोमीटरच्या आसपास येतो.

हा आकडा पहिल्यांदा कागदावर येतो तेव्हा माणूस खोडरबर शोधतो. तसं करू नका. हाच आकडा तुम्हाला सुखरूप घरी आणणार आहे.

राखीवाच्या नियमाचा शब्द न् शब्द वाचा, कारण पेट्रोलच्या विमानात जो फरक जाणवतही नाही तो इथे अख्खा प्रवास गिळतो. युरोपच्या नियमावलीत खासगी उड्डाणाची ही ३० मिनिटं घिरट्यांच्या सावकाश वेगाने धरता येतात. जिथून उडालो तिथेच उतरायचं असेल आणि धावपट्टी सतत नजरेत असेल, तर दिवसा १० मिनिटंही चालतात. अमेरिकेच्या नियमात दिवसाची ३० मिनिटं सामान्य क्रूझ वेगाने धरायची आहेत, रात्रीची ४५. वरच्या हिशेबात २० च्या जागी ३० किलोवॅट घाला. राखीवच १५ युनिटचं होतं आणि प्रवासाला एक युनिट उरतो. तेच विमान, तीच बॅटरी. नियमातल्या एका शब्दाने ते प्रवासाचं वाहन राहतं किंवा फक्त फेऱ्या मारायचं होतं.

३. जुनी बॅटरी दहा टक्के मागत नाही, जास्त मागते

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

वरचाच हिशेब नव्या कोऱ्या बॅटरीने करा. २४ मधून तेच ३, २.५ आणि १० वजा केले की ८.५ युनिट उरतात, म्हणजे १७ मिनिटं क्रूझ. ९० टक्के आरोग्यावर ती १२ झाली होती. बॅटरी दहा टक्क्यांनी उतरली आणि प्रवासाची वेळ जवळपास अठ्ठावीस टक्क्यांनी. चढण, गो-अराउंड आणि राखीव यांचा वाटा ठरलेला असतो. तूट सगळी उरलेल्या तुकड्यातूनच निघते. त्यामुळे जुनं विमान घेताना ‘आरोग्य अजून ८५ टक्के आहे’ हे ऐकून खूश होऊ नका. त्या आकड्यावर वरचा कागद पुन्हा मांडा आणि किती मिनिटं उरतात ते पाहा.

दुसरी गोष्ट थंडीची. गार बॅटरी साठा कमी देते आणि जोरही कमी देते. रात्रभर उघड्यावर उभं राहिलेलं विमान सकाळी शंभर टक्के दाखवेल, पण ते शंभर दुपारच्या शंभराइतके नसतात. विमान हँगरमध्ये ठेवा, आणि निघायच्या थोडं आधी चार्जिंग संपेल असं वेळापत्रक लावा, म्हणजे बॅटरी कोमट असताना उडता येईल. उलट कडक उन्हात, लागोपाठ दोन उड्डाणांनंतर, बॅटरी तापलेली असते. ती थंड झाल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही किंवा रांगत होतं. दोन उड्डाणांमधला वेळ ठरवताना चार्जिंगच्या तासाबरोबर हा निवण्याचा वेळही धरा.

तिसरी गोष्ट पायलटनी अगदी अंगी बाणवावी अशी आहे. साठा खाली गेला की व्होल्टेज उतरतं, आणि मोटरला मिळणारा कमाल जोरही कमी होतो. पेट्रोलची टाकी पाव उरली असली तरी इंजिन पूर्ण ताकदीने ओढतं. बॅटरी तशी नाही. गो-अराउंडची गरज नेमकी शेवटी पडते, आणि ताकद सगळ्यात कमी तेव्हाच असते. तुमच्या विमानाच्या उड्डाण-पुस्तिकेत किती टक्क्यांखाली किती जोर मिळतो याचा तक्ता असतो. त्यातला आकडा मोठ्या अक्षरांत लिहून समोरच्या पॅनलजवळ चिकटवा. मांडीवरच्या कागदावर असेल तर ऐन वेळी खाली पाहावं लागतं.

४. नकाशावर वर्तुळ काढा, आणि मग ते वाऱ्याने दाबा

आपल्या धावपट्टीवर कंपासचं टोक ठेवा आणि ४५ किलोमीटरचं वर्तुळ काढा. वारा नसलेल्या दिवसाची ही सीमा. ताशी ३० किलोमीटर समोरचा वारा असेल तर १२ मिनिटांत ३० ऐवजी २४ किलोमीटरच कापले जातात. म्हणजे वाऱ्याच्या बाजूने वर्तुळ चेपलं जातं आणि रोजचा आकार वेगळा होतो. निघण्याच्या दिवशीच ही चेपलेली रेघ पुन्हा काढायची, आदल्या रात्री काढलेली चालत नाही.

वर्तुळात किती धावपट्ट्या आहेत, त्यांतल्या किती ठिकाणी तुमच्या विमानाला बसणारा चार्जर आहे आणि तो त्या दिवशी चालू आहे का, हे फोन करून विचारा. चार्जर नसलेल्या ठिकाणी उतरलात तर विमान तिथेच राहील हे आधीच धरून चला. मधल्या वाटेवर मोटर थांबली तर कुठे उतरणार तेही ठरवा. वेलिससारखं विमान ६०० मीटरवरून शांत हवेत कागदावर ९ किलोमीटर तरंगू शकतं. मी त्याचं निम्मंच धरेन.

मोठी इलेक्ट्रिक विमानं पुढे गेली आहेत हे खरं. अमेरिकेच्या बीटा कंपनीचं पंखवालं विमान एका चार्जवर ३३६ नॉटिकल मैल, म्हणजे ६२२ किलोमीटर गेलं आहे. पण ते कित्येक पट जड आहे आणि त्याची बॅटरीही त्याच प्रमाणात मोठी. दोन आसनी विमानाच्या मालकाने तो आकडा आपल्या वहीत उतरवू नये.

आता ते वर्तुळ नीट पाहा. तुम्ही मध्यबिंदूवरून परीघ काढलात. बाहेरचा माणूस तेच उलटं करतो. चार-पाच दिवसांचे माग एकावर एक ठेवतो आणि मध्यबिंदू शोधतो.

५. तुमचं विमान हवेत काय बोलतं ते ऐका

ट्रान्सपॉन्डर म्हणजे रडारने विचारलं की विमानातून उत्तर देणारं यंत्र. त्याच्या मोड-एस या प्रकाराला प्रत्येक विमानासाठी २४ बिटांचा एक वेगळा आंतरराष्ट्रीय क्रमांक दिलेला असतो. एडीएस-बी यंत्रणा असेल तर ती हा क्रमांक, उपग्रहावरून मिळालेली जागा, उंची आणि वेग असं सगळं उघडपणे, कोणत्याही कुलपाविना प्रसारित करते. जागेचा संदेश तर सेकंदाला साधारण दोनदा. हे असं मुद्दामच आहे. शेजारच्या विमानाला तुम्ही दिसावं, टक्कर होऊ नये, म्हणून. तोच संदेश घराच्या गच्चीवर लहानसा अँटेना आणि स्वस्तातला रिसीव्हर लावलेला हौशी माणूसही ऐकतो. असे हजारो रिसीव्हर जोडून माग दाखवणारी संकेतस्थळं चालतात.

एडीएस-बी नसलेलं, फक्त मोड-एस ट्रान्सपॉन्डर असलेलं विमानही सापडतं. तो आपली जागा सांगत नाही, पण चार किंवा जास्त रिसीव्हरना त्याचा संदेश किती फरकाने पोहोचला यावरून जागा काढता येते.

क्रमांकावरून नोंदणी सापडते आणि नोंदणीवरून मालक. ब्रिटनची विमान-नोंदणी तर कोणालाही ऑनलाइन शोधता येते. एलॉन मस्क यांच्या जेटचा माग दाखवणाऱ्या खात्यावरून २०२२ मध्ये केवढा वाद झाला. त्यामागे कोणतीही चोरी नव्हती, होता तो सगळा उघड्यावरचा माल. आणि ते जेट खंड ओलांडणारं. तुमचं विमान रोज त्याच खळ्यात फिरणाऱ्या बैलासारखं. घटस्फोटाच्या खटल्यातली समोरची बाजू, पाठलाग करणारा माणूस, घर रिकामं कधी असतं हे पाहणारा चोर, यांना खंड ओलांडणाऱ्यापेक्षा तुमच्यासारखा माणूस सोपा. विमान वर आहे म्हणजे मालक घरी नाही, आणि चार्जरवर लागलं म्हणजे आणखी तासभर तरी येत नाही. हे कोणीही घरबसल्या वाचू शकतो.

६. पहिलं कुलूप नोंदणीला

इथून कामाला लागा, कारण याने पल्ल्यातला एक मीटरही कमी होत नाही.

अमेरिकेत नोंदलेलं विमान असेल तर मार्च २०२५ पासून खासगी मालकाला आपलं नाव आणि पत्ता सार्वजनिक नोंदणीतून झाकण्याची विनंती हवाई प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, ऑनलाइन नोंदणी सेवेवर करता येते. २०२४ च्या कायद्यातल्या ८०३ व्या कलमाने ती सोय आली. पण आधी प्रसिद्ध झालेल्या प्रती, जुन्या याद्या आणि खासगी संग्रह यांतून नाव पुसलं जात नाही. म्हणून विमान घेतानाच विनंती करा. वर्षभर नाव उघडं राहिल्यावर केली तर फायदा फार थोडा.

कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या नावाने नोंदणी करणं हा जुना मार्ग. तो कायदेशीर आहे, पण कंपनीचं नाव आडनावावरून ठेवलं किंवा पत्ता घराचाच दिला तर काय उपयोग? आणि देशाबाहेरच्या मालकीचे नियम, कर आणि विमा यांचं गणित बदलतं. ते तुमच्या देशातल्या जाणकाराकडून तपासून घ्या. विमा कंपनीपासून मात्र खरा मालक आणि खरा पायलट कधीही लपवू नका.

७. पडद्यावरून नाव उतरवणं आणि क्रमांक बदलणं

अमेरिकेत लॅड नावाची योजना आहे. तिच्यात नाव घातलं की एफएएकडून जाणारी तुमची माहिती एकतर उगमालाच अडवली जाते, किंवा ती माहिती घेणाऱ्या संकेतस्थळांना दाखवायची मनाई होते. पहिला प्रकार कडक. पण त्यात तुम्हालाही आपलं विमान त्या संकेतस्थळांवर दिसत नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. लॅडची मर्यादा स्पष्ट आहे. जे संकेतस्थळ एफएएची माहिती घेतच नाही, फक्त हौशी लोकांच्या अँटेनांवर चालतं, त्याला ही मनाई लागू होत नाही. एडीएस-बी एक्स्चेंज याच पद्धतीने वाढलं.

त्यापुढची पायरी म्हणजे पिया, अर्थात खासगी क्रमांकाची योजना. यात विमानाला नोंदणीशी उघडपणे न जोडलेला दुसरा २४ बिटांचा क्रमांक मिळतो. त्याबरोबर बाहेरच्या संस्थेकडून घेतलेलं हाक-नाव, म्हणजे रेडिओवर ओळख म्हणून सांगायचं नाव, वापरायचं असतं. विमान अमेरिकेत नोंदलेलं हवं, १०९० मेगाहर्ट्झवरची एडीएस-बी यंत्रणा हवी आणि उड्डाण तिथल्याच हवाई हद्दीत हवं. त्याऐवजी यूएटी नावाची, ९७८ मेगाहर्ट्झवरची एडीएस-बी यंत्रणा बसवलेली असेल तर काही यंत्रांत अनामिक पर्याय मिळतो. पण तो नजरेच्या भरवशावरच्या उड्डाणात, ट्रान्सपॉन्डरवर १२०० हा अशा उड्डाणांचा सर्वसाधारण कोड लावून, नियंत्रकाची सेवा न घेताच वापरायचा.

मोठ्या जेटच्या मालकाला पिया बराच आडोसा देते. नवा क्रमांक, दूरचा विमानतळ, कोणाचं काय कळणार? तुमच्या बाबतीत तसं होत नाही. नव्या क्रमांकाचं विमान त्याच धावपट्टीवरून, त्याच शनिवारी सकाळी, त्याच वेगाने उठलं, चाळीस किलोमीटरवरच्या त्याच चार्जरवर तासभर थांबलं आणि परत आलं, की पाहणारा दोन रेघा एकावर एक ठेवतो आणि संपलं. इलेक्ट्रिक विमानाची ओळख क्रमांकापेक्षा त्याच्या दिनक्रमात असते. पिया घ्याच, पण क्रमांक बदलला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याबरोबर उड्डाणाचे वार आणि वेळा बदला. ते फुकट आहे आणि बॅटरीही खात नाही.

युरोपात हलक्या विमानांत आणि ग्लायडरमध्ये फ्लार्म हे टक्कर टाळणारं यंत्र सर्रास असतं. त्याचे संदेश जमिनीवरचे हौशी स्टेशनवालेही ऐकतात. यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘माग नको’ असा पर्याय असतो आणि ओपन ग्लायडर नेटवर्कच्या यंत्रांच्या यादीतही तशी नोंद करता येते. त्यातच आणखी एक पर्याय मिळतो, शेजारच्या विमानांनाही कमी माहिती देणारा. तो मी लावणार नाही. पाहणाऱ्याला रोखायचं आहे, समोरून येणाऱ्याला नाही.

आणि ट्रान्सपॉन्डर बंद करणं? नाही, कधीच नाही. अमेरिकेत एडीएस-बी बसवलेली असेल तर ती उड्डाणभर चालू ठेवणं बंधनकारक आहे. इतर ठिकाणी नियमाची भाषा वेगळी असेल, पण ढगाआडून येणाऱ्या विमानाचा वेग तोच असतो. ‘बॅटरी वाचते म्हणून बंद ठेवतो’ असंही कोणी सांगेल. ट्रान्सपॉन्डरला दहा-वीस वॅट लागतात आणि मोटरला तीस हजार. त्या बचतीतून एक सेकंदाचा पल्लाही हाताला लागत नाही.

८. चार्जर आणि ढगातली वही

पेट्रोलच्या विमानात नसलेली ही गळती आहे, आणि मालक तिच्याकडे सगळ्यात कमी पाहतात.

चार्जिंगच्या जाळ्याचं कार्ड लावलंत की खाते क्रमांक, जागा, सुरुवात, शेवट आणि किती युनिट भरले याची नोंद होते. युनिटवरून तर तुम्ही किती उडून आलात तेही साधारण कळतं. काही विमानं बॅटरीचं तापमान, जोर आणि उड्डाणाचा वेळ यांची माहिती उत्पादकाच्या सर्व्हरवर पाठवतात. बॅटरीची निगा आणि हमी यासाठी ती उपयोगी असते, त्यामुळे सरसकट तोडायला मी सांगणार नाही. पण सही करण्यापूर्वी हे लेखी विचारा: कोणती माहिती जाते, त्यात जागा असते का, कोण पाहतं, किती महिने राहते, आणि विमान दुसऱ्याला विकल्यावर तिचं काय होतं. तोंडी उत्तर धरू नका.

युरोपात राहणाऱ्यांना इथे कायद्याचा हात आहे. मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्याखाली आपल्याबद्दलची माहिती मागता येते आणि ठराविक परिस्थितीत पुसायलाही सांगता येते. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या डेटा कायद्याने जोडलेल्या यंत्रातून निघणारी माहिती वापरणाऱ्याला मिळण्याचा हक्क दिला आहे. वर्षातून एकदा ती मागवून स्वतः वाचा. आपला शनिवार कोणाच्या तरी तक्त्यात रांगेने मांडलेला पाहिला की पुढची खबरदारी आपोआप येते.

जिथे जमेल तिथे आपल्या हँगरमध्ये स्वतःच्या मीटरवर चार्ज करा. सार्वजनिक चार्जरचं खातं विमानाच्या क्रमांकाशी जोडण्याची सक्ती नसेल तर जोडू नका. टॅबलेटवरच्या नकाशा-अॅपमध्ये प्रत्येक उड्डाणाचा माग आपोआप वर चढवण्याचा पर्याय चालू आहे का, ते आजच पाहा. आणि फोटो. शेपटीवरचा क्रमांक, मागची ओळखीची टेकडी आणि त्याच क्षणी टाकलेली पोस्ट, एवढ्याने वरची सगळी मेहनत वाया जाते. फोटो घरी आल्यावर टाका, क्रमांक झाकून.

९. दोन्ही वह्या भांडल्या तर

कधीतरी मोह होईल. घरची धावपट्टी ओळखू येऊ नये म्हणून वीस किलोमीटर वळसा घेऊ, किंवा उतरण्याआधी दुसऱ्या दिशेला जाऊन येऊ. वरच्या कागदाकडे पुन्हा पाहा. वीस किलोमीटर म्हणजे आठ मिनिटं, आठ मिनिटं म्हणजे चार युनिट, आणि प्रवासाला होते सहा. असा वळसा राखीवातूनच निघतो. तो घ्यायचा नाही.

वळसा जमिनीवर घ्या, तिथे किलोमीटर स्वस्त आहेत. विमान घराला सगळ्यात जवळच्या धावपट्टीवर न ठेवता गाडीने पाऊण तासावरच्या, जास्त विमानं असलेल्या धावपट्टीवर ठेवा. वर्तुळाचा मध्यबिंदू तिथे जाईल, घरावर पडणार नाही. तिथे शिकाऊ उड्डाणं भरपूर असली तर आणखी चांगलं, तुमच्या फेऱ्या त्यांच्यात मिसळतात. हँगर बंद दाराचा घ्या. एखादी खरोखरच गुप्त ठेवायची भेट असेल तर त्या दिवशी विमान काढूच नका.

१०. स्वतःचाच माग काढून पाहा

सगळं लावून झालं की महिनाभर नेहमीसारखं उडा. मग घरात न राहणाऱ्या, विश्वासातल्या एखाद्या माणसाला फक्त तुमच्या धावपट्टीचं नाव द्या आणि त्याला एक संध्याकाळ शोधू द्या. एफएएची माहिती घेणारं एक संकेतस्थळ, फक्त हौशी अँटेनांवर चालणारं एक, नोंदणीचं पान आणि समाजमाध्यमं, एवढं त्याने पाहायचं. तो कुठून तुमच्यापर्यंत पोहोचला ते क्रमाने लिहून घ्या आणि तेवढीच फट बुजवा. बहुतेक वेळा ती फट एखाद्या जुन्या फोटोत किंवा ठरलेल्या वारात निघते.

पल्ल्याचा कागदही त्याच दिवशी काढा. बॅटरीचं ताजं आरोग्य घालून नवा मांडा, जुन्या वर्तुळाच्या आत नवं वर्तुळ काढा आणि तारीख घाला.

विमान विकताना किंवा बॅटरी बदलताना एक काम विसरलं जातं. विमानातल्या नोंदी, उत्पादकाच्या सर्व्हरवरचं खातं, चार्जरचं कार्ड आणि नकाशा-अॅपमधला माग, हे सगळं आधी स्वतःसाठी उतरवून घ्या आणि मग पुसा. बॅटरीच्या देखभालीच्या नोंदी मात्र नव्या मालकाच्या हाती द्या, त्याच्या सुरक्षिततेसाठी त्या हव्याच. पियाचा क्रमांक घेतला असेल तर ट्रान्सपॉन्डरमध्ये विमानाचा मूळ क्रमांक परत घातल्याशिवाय किल्ली देऊ नका.